गादी सावरली, मग कंबर अजून का दुखते?

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या असून सहकारी बँकेत काउंटरवर काम करतात. तीन वर्षांपूर्वी भरलेली बादली उचलताना कमरेत उसण भरली, ती गेलीच नाही. पहिल्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५ ची) गादी, म्हणजे डिस्क, बाहेर आलेली दिसली. पट्टा, ट्रॅक्शन, मशिनचे शेक, गोळ्या सगळं झालं. दोन वर्षांनी पुन्हा एमआरआय केला, तेव्हा गादीचा फुगवटा कमी झालेला होता आणि नसही दबलेली नव्हती. दुखणं मात्र पाठीत, दोन्ही मांड्यांत आणि मानेपर्यंत पसरलं आहे. परकराची नाडीसुद्धा टोचते, झोप तुटक लागते. वेदनातज्ज्ञांनी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, त्यात ५२ गुण आले आणि केसपेपरवर ‘सेंट्रल सेन्सिटायझेशन’ असं लिहिलं गेलं. ते वाचून यजमान म्हणाले, ‘म्हणजे हे मनाचंच आहे.’ एका सर्जनने मणके स्क्रूने बांधून टाकायचा सल्ला दिला आहे. त्या विचारतात: हे दुखणं खरं की मनाचं? ऑपरेशन करून मोकळं व्हावं का? आणि यापुढे कधीच वाकायचं नाही का?

ताई,

कमरेत काही बिघडलेलं असेल तरच दुखणं खरं, आणि बिघाड सापडत नसेल तर ते मनाचं, असं तुमचे यजमान धरून चालले आहेत. पत्राचा सूर पाहता थोडंसं तुम्हीही. वेदना अशी चालत नाही. आधी ते समजून घेऊ, कारण तुमच्या उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

कमरेच्या स्नायूंतून, सांध्यांतून किंवा गादीच्या कडेतून निघालेला संदेश थेट मेंदूत पोचत नाही. तो आधी मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या पेशींकडे येतो. पुढे पाठवायचा की नाही आणि किती जोरात, याचा बराचसा निर्णय तिथे होतो. मेंदूच्या तळाकडून खाली येणारे चेतातंतू त्या पेशींना आवरू शकतात, तसंच चिथावूही शकतात. संदेशांचा मारा बराच काळ चालू राहिला की या पेशींवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर (संदेश आत घेणारी दारं) सहज उघडू लागतात, आवर घालणारी यंत्रणा ढिली पडते आणि एरवी ज्याकडे दुर्लक्ष झालं असतं असा संदेशही वेदना म्हणून वर जातो. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की पायाला इजा झाल्यावर वाढलेल्या संवेदनशीलतेचा काही भाग पायात नसून मज्जारज्जूत असतो. सेंट्रल सेन्सिटायझेशन ही कल्पना तिथून रुजली.

भजनाच्या वेळी अँप्लिफायरचा आवाज फार वाढवला तर गायकाचा श्वास आणि वहीचं पान उलटल्याचा आवाजही मंडपभर ऐकू येतो, तसं हे आहे. माइक बिघडलेला नसतो आणि गायकही ओरडत नसतो.

तुमच्या तक्रारी यात बसतात. नाडीचा नुसता स्पर्श टोचणं, एका जागची कळ शेजारी पसरत जाणं, दिवाळीची साफसफाई एक दिवस केली तर पुढचे तीन दिवस अंग ठणकणं ही सगळी या वाढलेल्या संवेदनशीलतेची लक्षणं असू शकतात. वेदना मज्जारज्जू आणि मेंदू यांच्या कामातून तयार होते. हे काम प्रत्यक्ष शरीरात चालतं आणि तुमच्या इच्छेने ते सुरू किंवा बंद होत नाही. त्यामुळे ‘मनाचं’ हा शब्द इथे लागू नाही. तुटलेली झोप, सततची काळजी आणि ‘आता काही खरं नाही’ ही भीती त्या आवर घालणाऱ्या यंत्रणेला कमजोर करतात, एवढाच मनाचा संबंध. तसा तो पोटाच्या अल्सरशी आणि रक्तदाबाशीही असतो, पण त्या रोग्यांना नाटकी कुणी म्हणत नाही.

आता या निदानाबद्दल थोडी सावधगिरी. प्रयोगशाळेत प्राण्याच्या मज्जारज्जूतल्या पेशीची उत्तेजना मोजता येते, दवाखान्यात बसलेल्या माणसाची थेट मोजता येत नाही. डॉक्टर अंदाज बांधतात. कमरेपासून दूर, म्हणजे हाताच्या अंगठ्यावर किंवा नडगीवर, दाब देऊन तो किती लवकर दुखतो हे पाहतात. एकाच जागी बोथट सुईने दहा वेळा टोचून प्रत्येक टोचणीगणिक कळ वाढत जाते का तेही पाहतात. तुम्ही भरलेल्या प्रश्नावलीत २५ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. एकूण १०० पैकी ४० किंवा त्याहून जास्त आले की संशय घ्यायचा अशी रीत आहे. पण त्यातले बरेच प्रश्न झोप, थकवा, चिंता, डोकेदुखी यांबद्दल असल्यामुळे नुसत्या चिंतेनेही गुण चढतात. म्हणून ५२ या आकड्याकडे शुगरच्या रिपोर्टसारखं पाहू नका. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा वेदनेसाठी ‘नोसिप्लास्टिक’ हा वेगळा प्रकार मान्य केला. इजेतून येणारी आणि नसेच्या बिघाडातून येणारी हे दोन प्रकार आधीपासून होतेच. एकाच माणसात तिन्हींची सरमिसळ असू शकते. तुमच्या कमरेतून आजही थोडेफार संदेश येत असतील, तीन वर्षं न वापरलेले स्नायू लवकर दमत असतील आणि वर हा वाढलेला आवाज. ‘गादी की मेंदू’ असा एकच पर्याय निवडायची गरज नाही. निदानाचा उपयोग एवढाच की उपचार कुठून सुरू करायचे ते कळतं. पूर्वी ‘माझी गादी सरकली आहे’ म्हणून जे टाळत होतात, तेच आता ‘माझी मज्जासंस्था बिघडली आहे’ म्हणून टाळू लागलात, तर नाव बदलूनही काही पदरात पडणार नाही.

पहिल्या एमआरआयने तुम्हाला फार घाबरवलेलं दिसतं. २०१५ साली ३३ अभ्यासांमधले कमरेची काहीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. चाळिशीतल्या ६८ टक्के निरोगी माणसांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. म्हणजे तुमच्या काउंटरसमोरच्या रांगेतल्या तुमच्या वयाच्या धडधाकट लोकांना स्कॅनखाली झोपवलं, तर त्यांच्यापैकी निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट येईल. रिपोर्टवर वयाशेजारी ‘या वयात हे किती जणांत आढळतं’ असा एक रकाना असता तर निम्म्या पट्ट्यांची विक्री थांबली असती. शिवाय बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. तुमचीही आक्रसली.

म्हणून ऑपरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही सांगता त्या परिस्थितीत करू नका. दबलेल्या नसेमुळे एका पायात कळ जात असेल आणि स्कॅनमध्ये तीच नस दबलेली दिसत असेल, तर ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो. नस मोकळी असताना नुसत्या कंबरदुखीसाठी मणके बांधण्याचं तसं नाही. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणके बांधणं हे नेटाने केलेल्या व्यायाम-पुनर्वसनापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, ऑपरेशनचे धोके मात्र वेगळे होते. ज्यांची संवेदनशीलता आधीच वाढलेली असते, त्यांचं दुखणं ऑपरेशननंतरही राहण्याची शक्यता जास्त दिसते. सर्जनना एवढंच विचारा: ‘माझी कोणती नस, कुठे दबली आहे, आणि माझं दुखणं त्या नसेच्या वाटेने जातं का?’

हे सगळं लागू होण्याआधी काही गोष्टी नाहीत याची खात्री हवी. लघवी अडणं किंवा तिच्यावर ताबा न राहणं, मांड्यांमधली बसायची जागा बधिर होणं, पाऊल उचलता न येणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. ताप, वजन घटणं, रात्री पडूनही न थांबणारी कळ असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी तपासावा लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडत असेल आणि हिंडल्यावर मोकळी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व आणि ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का ते सुचवणारी रक्ततपासणी) या तपासण्या वर्षभरात झाल्या नसतील तर एकदा करून घ्या. बी१२ कमी असेल तर पायात मुंग्या येतात आणि थकवा राहतो, मग दोष उगाच कमरेला मिळतो.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. तुम्ही लिहिता, ‘बरं वाटलं की सगळी कामं उरकून घेते, मग दोन-तीन दिवस पडून राहते.’ पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. बऱ्या दिवशी अती आणि वाईट दिवशी शून्य, या चक्रात मज्जासंस्थेला हालचाल म्हणजे शिक्षा असा धडा मिळत राहतो आणि स्नायूही कमजोर होत जातात. त्यावर उपाय म्हणजे हालचालीचं माप दुखण्यावर न सोडता घड्याळावर ठेवायचं.

चालण्यापासून सुरुवात करा. सलग तीन दिवस सपाट रस्त्यावर चाला. दुखणं नेहमीपेक्षा दहापैकी दोन अंकांनी वाढलं की थांबा आणि मिनिटं लिहून ठेवा. समजा १२, ९ आणि १५ आली, तर सरासरी १२. त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण १० मिनिटं. हे तुमचं सुरुवातीचं माप. आठवडाभर रोज दोनदा १० मिनिटं चाला. बऱ्या दिवशी पंधरा नाहीत आणि वाईट दिवशी शून्य नाही. पुढच्या आठवड्यात ११, मग १२, अशी दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. चालताना दुखणं दोन अंकांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खाली आलं तर माप बरोबर आहे. नाही आलं तर एक पायरी खाली या आणि आणखी आठवडा तिथेच थांबा. बहुतेकांचं इथेच चुकतं: दहा दिवसांत बरं वाटतं, एकदम अर्धा तास चालतात, दुसऱ्या दिवशी आडवे पडतात आणि ‘चालण्याने वाढलं’ म्हणून सोडून देतात.

वाकायचंही याच पद्धतीने. तुम्हाला ज्या कामांची धास्ती वाटते ती कमी भीतीकडून जास्त भीतीकडे अशा क्रमाने लिहा. पत्रावरून मला दिसतो तो क्रम असा: खुर्चीत बसून हात नडगीपर्यंत नेणं, उभं राहून वाकून टेबलाखालची वस्तू उचलणं, पाटावर बसणं, मांडी घालून जेवणं, फरशी पुसणं, बादली उचलणं. पहिल्यापासून सुरू करा. खुर्चीत बसा, श्वास सोडत हळूहळू पुढे वाका, हात घोट्यांकडे जाऊ द्या, पाठ गोल होऊ द्या, परत या. असं आठ वेळा, दिवसातून दोनदा. कंबर ताठ धरून, पोट आवळून, श्वास रोखून वाकायची सवय तुम्हाला तीन वर्षांत लागली असेल. त्यामुळे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि तेच दुखू लागतात. म्हणून श्वास चालू आहे ना, याकडे आधी लक्ष द्या. एका पायरीची धास्ती दहापैकी तीनच्या खाली आली की पुढची घ्या. मांडी घालायची तर पहिल्या दिवशी दोन मिनिटं, भिंतीला टेकून. बादलीसाठी आधी एक लिटरची बाटली, मग दोन बाटल्यांची पिशवी, मग पाच लिटरचा कॅन, मग अर्धी बादली. अर्ध्या बादलीपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यात काही बिघडत नाही.

बँकेत मापाची खुर्ची शोधण्यापेक्षा दर ३० ते ४० मिनिटांनी एक मिनिट उभं राहणं जास्त कामाचं. टोकन बदलताना उठा किंवा शिक्के मारायचं काम उभ्याने करा.

पट्टा एका दिवसात फेकू नका, पण काढायला लागा. पहिल्या आठवड्यात घरी असताना काढा, मग बँकेत दुपारनंतर, शेवटी प्रवासात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि टेन्सचं (त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारं) मशिन नेहमीच्या उपचारांत वापरू नये असं म्हटलं आहे. नीट समजावून सांगणं, व्यायाम, मसाज आणि वर्तनाधारित मानसोपचार यांना मात्र जागा दिली आहे. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा मिनिटं बरं वाटत असेल तर खुशाल शेका, फक्त त्यालाच उपचार समजू नका.

झोपेबद्दल एवढंच: उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. दुपारी चारनंतर चहा नको. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत न पडता उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत जा. फार घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडत असेल तर बाकी उपायांना यश येणं अवघड जातं.

गोळ्यांचं जरा जपून. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोळ्या, म्हणजे रोजची वेदनाशामक, रात्रीची प्रीगॅबालिन आणि मधूनमधून ट्रॅमाडॉल, एकाच डॉक्टरांना एकत्र दाखवा. वेदनाशामक वर्षभर रोज घेतली तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो. ट्रॅमाडॉल अफूच्या वर्गातलं औषध आहे. ही औषधं दीर्घकाळ घेतल्यास काही जणांत वेदनेची संवेदनशीलता उलट वाढते. पण ती आणि प्रीगॅबालिन एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. अशा दुखण्यात ड्युलॉक्सेटिन दिलं जातं, सहसा आठवडाभर ३० मिलिग्रॅम, मग ६०. त्याने काहींना मध्यम फायदा होतो, सुरुवातीला मळमळते, तोंड कोरडं पडतं. याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही: अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली त्याला दुसऱ्या फळीत ठेवलं, तर जागतिक आरोग्य संघटना ते सरसकट द्यायला नको म्हणते. ते नैराश्याचंही औषध आहे म्हणून दचकू नका. ट्रॅमाडॉलसोबत घेण्यात मात्र धोका आहे, म्हणून दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या नकोत.

यात मध्येच दुखणं उसळेल, त्याची तयारी आधीच करून ठेवा. दोन ते तीन दिवस सगळी मापं निम्मी करा, शून्य नाही. दहा मिनिटांऐवजी पाच मिनिटं चाला, वाकणं आठऐवजी चार वेळा. शेक घ्या, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितलेल्या दिवसांपुरतीच घ्या. मग एक पायरी खालून पुन्हा सुरू. वर लिहिलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर उसळीसाठी नवा एमआरआय लागत नाही.

एकटीने हे जमत नसेल तर मदत घ्या. फिजिओथेरपिस्ट निवडताना पाहा की तासातला बहुतेक वेळ तुम्ही हालता की मशिनखाली पडून राहता. ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी भीती, समज आणि हालचाल या तिन्हींवर मिळून काम केलं. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी झाल्या आणि रोजच्या कामांत झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकली होती. अमेरिकेत कोलोरॅडोत १५१ जणांच्या अभ्यासात ‘ही वेदना शरीराला इजा झाल्याची खूण नाही’ हे शिकवणाऱ्या मानसोपचारानंतर ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. मात्र त्यांची वेदना सौम्य ते मध्यम होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. आपल्याकडे अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ वेदनेची ओपीडी चालवतात, तिथला खर्च झेपण्यासारखा असतो. उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा जगणं नकोसं झालं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

यजमानांना पुढच्या भेटीला बरोबर घेऊन जा. ‘हिला खरंच दुखतं का’ हे त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारू दे आणि उत्तर स्वतः ऐकू दे. घरी त्यांनी दोन गोष्टी बंद कराव्यात: ‘नाटक करू नकोस’ आणि ‘तू वाकू नकोस, मी उचलतो’. दुसरी मायेने येते म्हणून तुम्हाला सलत नसेल, पण तिच्यामुळे तुमची भीती पक्की होते.

मापांची वही बारा आठवडे ठेवा. तिच्यात दुखण्याचे अंक आठवड्यातून एकदाच लिहा, कारण रोज लिहिलं की लक्ष दिवसभर कमरेवरच राहतं. रोज लिहायचं ते किती मिनिटं चाललात, कोणत्या पायरीवर आहात आणि किती वाजता उठलात. सुरुवातीला दुखणं तेवढंच राहून मिनिटं वाढतात, अंक बहुधा नंतर उतरतात. बारा आठवड्यांनीही मिनिटं वाढली नसतील, तर ही वही घेऊन वेदनातज्ज्ञांकडे परत जा. पुढचं काय ते त्यांना तिच्यावरून ठरवता येईल.